प्रस्तावना : स्वस्तातला युरोप कुणी उभारला

१९५७ साली आर्थर फ्रॉमर या अमेरिकन माणसाने ‘युरोप ऑन फाइव्ह डॉलर्स अ डे’ नावाचं पुस्तक काढलं. दिवसाला पाच डॉलरमध्ये राहणं-खाणं भागवून युरोप कसा पाहावा, हा त्याचा विषय. फ्रॉमर जर्मनीत सैनिक म्हणून होता, सुट्टी मिळाली की भटकायचा. त्या भटकंतीवर त्याने आधी सैनिकांसाठी एक पुस्तिका केली आणि मग सगळ्यांसाठी हे पुस्तक. ते धो धो खपलं. युरोप हा केवळ श्रीमंतांच्या पोरांनी करायचा प्रवास नाही, हे त्या पिढीतल्या साध्या नोकरदार अमेरिकनांना त्याने पटवून दिलं. त्यानंतरच्या दशकात परदेशी निघालेल्या भारतीयाच्या हातावर आपलं सरकार जे परकीय चलन टेकवत असे ते जेमतेम आठ डॉलर. फ्रॉमरच्या हिशेबाने आपला युरोप म्हणजे दीड दिवसाचा गणपती.

मराठीतली युरोपची प्रवासवर्णनं वाचताना हा आठ डॉलरचा हिशेब ध्यानात ठेवावा. १९६० च्या ‘अपूर्वाई’पासून पुढे बराच काळ ज्यांनी युरोपवर लिहिलं ते बहुतेक कुठल्या तरी कामावर, शिष्यवृत्तीवर, निमंत्रणावर किंवा तिकडे असलेल्या नातलगांच्या भरवशावर गेलेले. पुढे सहलीच्या कंपन्या आल्या. त्यांनी मराठी मध्यमवर्गाला पंधरा दिवसांत आठ देश दाखवले आणि इंटरलाकेनला वरण-भात वाढला. त्यांची चेष्टा करण्याची फॅशन आहे, पण साठीच्या आजी-आजोबांना आयफेल टॉवरखाली सुखरूप नेऊन परत आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. फक्त तो युरोप बसच्या काचेतून दिसतो, आणि बस थांबते तिथेच थांबतो. पाठीवर सॅक टाकून, शिल्लक मोजत, स्वतःच्या हिमतीवर फिरणाऱ्या पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींचा युरोप मराठीत त्या मानाने फार उशिरा आला. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

तसे अपवाद होते, आणि ते चांगलेच दांडगे होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगरा, सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून मार्च १९२८ मध्ये घरी परतले. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन दिल्लीहून पायी निघाले. अण्वस्त्रं टाकून द्या, असं मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला जाऊन सांगायचं होतं. निघण्यापूर्वी ते विनोबांना भेटले, तेव्हा विनोबांनी सल्ला दिला की जवळ पैसा ठेवू नका. म्हणजे आठ डॉलरसुद्धा नाहीत! खिशात पैसे असले की दमलेला माणूस खाणावळीत जेवतो आणि लॉजवर जाऊन झोपतो, नसले की त्याला कुणाचं तरी दार वाजवावं लागतं, बोलावं लागतं, हा त्यामागचा विचार. प्रवासात काटकसर कशासाठी करायची याचं इतकं स्वच्छ उत्तर मला कुठल्याच मार्गदर्शिकेत मिळालेलं नाही.

आपल्या मुलांनी विनोबांइतकं टोक गाठावं अशी अपेक्षा नाही. तसं केलं तर व्हिसाही मिळणार नाही. पण युरोपात कमी पैशांत फिरायला निघालेल्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. तिथली स्वस्ताई ही आपल्या घासाघिशीची कमाई नसते. झोपायला बारा जणांच्या खोलीतली खाट, महिनाभराचा रेल्वेचा पास, रस्त्यावरचं फुकट पिण्याचं पाणी, संग्रहालयाचे मोफत तास, यांतली प्रत्येक सोय कुणीतरी, कधीतरी, भांडून किंवा हट्टाने उभी केलेली आहे, आणि बहुतेक वेळा ती आपल्यासाठी नव्हे, त्यांच्या स्वतःच्या पोरांसाठी केलेली आहे. आपण त्यात सामील होतो. किल्ले आणि पुतळे सहलीच्या बसमधूनही दिसतात. ही मांडामांड दिसायची तर तिचा वापरच करावा लागतो.

खाटेपासूनच सुरुवात करू. जर्मनीतल्या आल्टेना गावात रिचर्ड शिरमान नावाचे शाळामास्तर होते. कारखान्यांच्या धुरात वाढणाऱ्या पोरांना भिंतींबाहेर काढून रानावनांत शिकवावं, या मताचे. २६ ऑगस्ट १९०९ रोजी ते विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीवर असताना ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळाने गाठलं. एका खेड्यातल्या शाळेत आसरा मिळाला, खाली घालायला पेंढा मिळाला, प्यायला दूध मिळालं. पोरं झोपली. बाहेर विजा कडाडत होत्या आणि मास्तर जागे होते. सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्या पडतात, मग एका दिवसाच्या चालीवर एक अशा अंतराने त्यांत पोरांची झोपायची सोय का करू नये, हा विचार त्या रात्रीचा. १९१२ साली आल्टेनाच्याच जुन्या किल्ल्यात कायमचं युवा वसतिगृह आलं. तिथल्या तीन मजली लाकडी खाटा आजही जपून ठेवल्या आहेत. पाहिल्यावर कळतं की आराम हा मुद्दा तेव्हाही नव्हता.

कल्पना झपाट्याने पसरली. १९३२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि शिरमान तिचे अध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत नाझी आले, त्यांनी वसतिगृहं आपल्या युवक संघटनेच्या ताब्यात घेतली आणि पुढे शिरमानना अध्यक्षपदही सोडावं लागलं. देशोदेशीची पोरं एका खोलीत झोपली की काय होतं, हे त्या राजवटीला बरोबर कळलं असावं. जुन्या वसतिगृहांचे नियम कडक असत. ब्रिटनमध्ये तर पायी किंवा सायकलवर आलात तरच प्रवेश, मोटारवाल्याला नाही, आणि सकाळी झाडू मारून, भांडी घासून मगच निघायचं. हीच चळवळ आपल्याकडेही आली. यूथ हॉस्टेल्सच्या सरपास ट्रेकला जाऊन आलेली माणसं महाराष्ट्रात गल्लोगल्ली सापडतील. त्या तंबूंचा आणि या किल्ल्यातल्या खाटांचा पूर्वज एकच.

आजची खाजगी हॉस्टेलं वेगळी आहेत. त्यांत मोठं भांडवल आहे आणि भाव विमानासारखे वरखाली होतात. ऑक्टोबरफेस्टच्या दिवसांत म्युनिकमध्ये किंवा ट्यूलिपच्या मोसमात ॲमस्टरडॅममध्ये डॉर्मची खाट शोधून पाहा, त्या पैशांत इतर वेळी खोली मिळाली असती असं दिसेल. तरी हॉस्टेलमध्ये एक जागा अजून जुन्या वळणाची उरली आहे : स्वयंपाकघर. फ्रिजवर सूचना असते की पिशवीवर नाव आणि निघण्याची तारीख लिहा, नाहीतर फेकून देऊ. बाजूला एक फळी असते, निघून गेलेल्यांनी मागे ठेवलेल्या जिनसांची. अर्धं पाकीट पास्ता, तळाला गेलेलं तेल, मीठ, कुणाचा तरी चहा. ती कुणीही घ्यावी. रात्री आठच्या सुमाराला चार शेगड्यांवर दहा जण रांगेत असतात. कोरियन मुलगा नूडल्स शिजवतो, अर्जेंटिनाची जोडी अंडी फोडते, आणि मराठी मुलगी पिशवीतून गोडा मसाला काढते. फोडणीत मिरची टाकण्याआधी खिडकी उघडावी. धुराची घंटा वाजली की अख्खी इमारत पायजम्यात रस्त्यावर येते आणि ओळखी होतात हे खरं, पण त्या नको तशा. फ्रान्स काय किंवा इटली काय, रोज दोन्ही वेळा बाहेर जेवणाऱ्याचं बजेट आठवडाभरात कोलमडतं. एक वेळ बाहेर, एक वेळ शेगडीवर, हा मध्यममार्ग टिकतो, आणि शाकाहाऱ्याला तर तो वरदानच आहे. जर्मनीत एवढंच लक्षात ठेवायचं की रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री पाव-दूध आणून ठेवलं नाही तर रेल्वे स्टेशनवरच्या दुकानापर्यंत पायपीट. आणि पाण्याची प्लास्टिकची बाटली कचऱ्यात टाकायची नाही. तिच्यावर सहसा २५ सेंटची अनामत असते, दुकानातल्या यंत्रात बाटली सरकवली की चिठ्ठी मिळते. चार बाटल्यांचा एक युरो.

रेल्वेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढे तिला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. युरोपबाहेरच्यांसाठी युरेल पास १९५९ पासून होता. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेला पन्नास वर्षं झाली, त्या निमित्ताने युरोपातल्या २१ देशांनी एकविशीपर्यंतच्या आपल्या मुलांसाठी महिनाभराचा इंटररेल पास काढला. तो एका वर्षापुरता होता. इतका चालला की बंद करण्याची कुणाची छाती झाली नाही. पुढे वयाची अट वाढत गेली आणि मग सर्वांनाच पास मिळू लागला. तरुणांची सवलत आता वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत आहे. पुण्याहून थेट जाणाऱ्याने युरेल घ्यायचा, जर्मनीत एम.एस. करणाऱ्या त्याच्या मित्राने इंटररेल. दोघं एकाच डब्यात बसतील. मात्र पास म्हणजे सगळं फुकट, या समजुतीत राहू नका. फ्रान्सच्या तेजेव्हे आणि इटलीच्या अतिवेगवान गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, आणि फ्रान्समध्ये पासवाल्यांच्या जागा लवकर संपतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत सरळ चढून बसता येतं. म्हणून माझं मत असं की पास घ्यायचा तर मध्य युरोपात फिरण्यासाठी घ्यावा. नुसतं पॅरिस, बार्सिलोना, रोम करायचं असेल तर सुटी तिकिटं महिने-दोन महिने आधी काढणं स्वस्त पडतं.

रात्रीच्या गाड्या मधल्या काळात मरायला टेकल्या होत्या. स्वस्त विमानांनी त्यांचं गिऱ्हाईक पळवलं. १९९० च्या दशकात युरोपीय संघाने आपलं आकाश विमान कंपन्यांना खुलं केलं आणि वीस युरोत विमान मिळू लागलं. (ते विमान ‘पॅरिस’ म्हणून ज्या बोव्हे विमानतळावर उतरतं तो पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरवर आहे आणि तिथून शहरात नेणाऱ्या बसचं तिकीट कधीकधी विमानाच्या तोडीस तोड असतं.) २०१६ च्या डिसेंबरात जर्मन रेल्वेने आपल्या शयनयान गाड्या बंद केल्या, तेव्हा ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यांतल्या बऱ्याच उचलल्या. त्याच आजच्या नाइटजेट. संध्याकाळी व्हिएन्नात चढावं, सकाळी रोमला उतरावं. प्रवासही झाला आणि रात्रीच्या मुक्कामाचे पैसेही वाचले, असं सगळे सांगतात. सलग दोन रात्री असे पैसे वाचवलेला माणूस तिसऱ्या दिवशी व्हॅटिकनच्या छताखाली उभ्याउभ्या पेंगतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

फुकटात काय काय पाहता येतं याची मोजदाद पुढे ठिकठिकाणी येईल. लंडनचं ब्रिटिश म्युझियम, माद्रिदच्या प्रादोतले रोजचे शेवटचे दोन तास, इटलीतल्या सरकारी संग्रहालयांचा महिन्याचा पहिला रविवार. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून ट्राम, बस आणि रेल्वेचा साधा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, परदेशी पाहुण्यालाही. पण मला जास्त भुरळ घालतात त्या यादीत न बसणाऱ्या गोष्टी. रोममध्ये पियात्सा नव्होनापासून चार पावलांवर सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे. आत जायला पैसे नाहीत. डाव्या हाताच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं, चारशे वर्षांपूर्वी ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर आहेत. कोनाडा अंधारा. बाजूला नाणं टाकायची पेटी. नाणं पडलं की दिवा लागतो आणि करवसुली करणाऱ्या मॅथ्यूच्या टेबलावर ती तिरपी उजेडाची पट्टी उमटते. थोड्या वेळाने खट्ट, पुन्हा काळोख. मग सगळे एकमेकांकडे बघतात की आता कोण. कुणीतरी खिसे चाचपतो. दहा-पंधरा अनोळखी माणसं एकाच्या नाण्यावर चित्र पाहतात. बाहेर रस्त्यावर ओतीव लोखंडाचा ठेंगणा नळ अखंड वाहत असतो. त्याच्या वाकड्या नाकासारख्या तोटीमुळे रोमकर त्याला ‘नाझोने’, म्हणजे नाकाडा, म्हणतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, त्याला तोंड लावून प्यायचं. १८७० च्या दशकापासून हे नळ शहरभर आहेत आणि पाणी उत्तम आहे. शेजारच्या टपरीवर पाण्याची बाटली विकत घेणाऱ्या पर्यटकाकडे पाहून थोडं बरं वाटतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हे बरं वाटणं मात्र लगाम घालण्यासारखं आहे. सॅकवाल्यांमध्ये एक अहंकार असतो : आम्ही प्रवासी, ते पर्यटक. जो जितक्या स्वस्तात फिरला तो तितका मोठा. पण व्हेनिसच्या गल्लीत अडकलेल्या म्हातारीला तुमच्या पाठीवर सॅक आहे की हातात चाकांची बॅग, याने काही फरक पडत नाही, उलट सॅकचा धक्का जोरात लागतो. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घ्यायला सुरुवात केली. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्याने द्यायचे फ्लॅट बंद करण्याचं जाहीर केलं आहे, कारण गावातल्या लोकांनाच घरं परवडेनाशी झाली. स्वस्तात फिरणाऱ्यांच्या झुंडीनेही शहरं महाग होतात. आणि आपल्याला ही बाजू समजायला हवी. पाठीवर पिशवी घेतलेला गोरा तरुण आपण आधी पाहिला तो हणजुण्याला. साठीच्या दशकाअखेर इस्तंबूल, तेहरान, काबूल करत बसने किंवा मिळेल त्या वाहनाने ही मंडळी गोव्यात उतरली. इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं रशियन सैन्य यांनी १९७९ मध्ये तो खुष्कीचा मार्ग बंद केला. तोवर त्यांच्याविषयी आपण काय बोलत होतो, ते गोव्यातल्या कुणाही जुन्या माणसाला विचारावं.

त्या गोऱ्या पोरांकडे एक चैन होती जी आपल्या मुलांकडे नाही. ती म्हणजे वेळ. आवडलं तर राहिलो, कंटाळलो तर निघालो. कमी पैशांचा प्रवास हा खरं तर जास्त वेळाचा प्रवास असतो. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं लहानसं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीवरच्या एका बोटीत पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवण्याचा करार केला. १९९५ मध्ये तो अमलात आला आणि आता त्यात २९ देश आहेत. आतल्यांना भिंती उरल्या नाहीत, बाहेरच्यांसाठी सगळ्या भिंती मिळून एक झाली. त्या भिंतीच्या दाराशी आपल्या मुलाला बँकेचं खातं, परतीचं तिकीट, किमान ३० हजार युरोचा विमा आणि रोज रात्री कुठे झोपणार याचा कागद दाखवावा लागतो. फी ९० युरो, नकार आला तरी परत मिळत नाही. जिथे जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. व्हिसावर जेवढे दिवस लिहिले तेवढेच दिवस. भटक्याने मुनीम व्हायचं, मगच भटकायचं! आवडलेल्या गावात चार दिवस जास्त राहण्याची मुभा या कागदांत कुठून येणार? त्यातल्या त्यात बरी बातमी अशी की एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार, तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियम पाळून वापरलेल्या भारतीयाला पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा मिळू शकतो.

म्हणूनच या पुस्तकात वीस दिवसांत बारा देशांचा एकही आराखडा दिलेला नाही. तशी मागणी येणार, हे माहीत असूनही नाही. दोन-तीन देश आणि प्रत्येक मुक्कामाला निदान तीन रात्री, एवढीच शिफारस आहे. तीन रात्री राहिलं की कोपऱ्यावरचा पाववाला ओळखू लागतो, हॉस्टेलची फळी कळते, आणि गाड्यांवरचा खर्च निम्म्यावर येतो. व्हिसाच्या अर्जालाही असा सुटसुटीत आराखडा मानवतो. व्हेनिसला जाणाऱ्यांनी मेस्त्रेला झोपायचं की बेटावर, मुलींनी फक्त मुलींच्या डॉर्ममध्ये राहायचं की नाही, सॅक किती लिटरची घ्यायची, कुलूप कुठलं न्यायचं, हे सगळं आतल्या पानांत आहे. मुलगी एकटी जाते म्हणून झोप उडालेल्या आई-बाबांसाठी एक प्रकरण वेगळं आहे. ते मुलीने नव्हे, त्यांनी वाचावं.

भाव दिलेले आहेत, पण ते बदलणार. जर्मनीत प्रादेशिक गाड्या, बस आणि ट्रामसाठीचं महिन्याचं तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं आणि दोन वर्षांच्या आत महागलं. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, तेव्हा आधीच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पैसे कापले जातात. असे बारकावे भावापेक्षा जास्त दिवस टिकतात, म्हणून त्यांवर अधिक पानं खर्च केली आहेत. प्रकरणं हवी त्या क्रमाने वाचायला हरकत नाही, फक्त पहिलं सोडून. पहिलं व्हिसाचं आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळा जवळ आला की मुंबईतल्या केंद्रांवर तारखा मिळत नाहीत. मे महिन्यात निघायचं असेल तर ते प्रकरण डिसेंबरात वाचा, विमानाचं तिकीट नंतर बघा.